डॉक्टर स्नोची तुटक रेघ

इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये डॉक्टरची गोष्ट कशाला, असं वाटेल. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, सांभाळून घ्या!)

मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही कॅम्पसमधले व्हीलचेअरने, सायकलने जाता येतील असे रस्ते नकाशावर घेत होतो. मी कॉम्प्युटरवर हॉस्टेलभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढलं. मेस आत बसली, मी खूश. माझ्या रूममेटचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये. तिने खिडकीतून मधल्या पायऱ्या दाखवल्या. कुबड्या घेऊन रॅम्पने जायचं तर अंतर दुप्पट! सर हसले आणि त्यांनी जॉन स्नोबद्दल वाचायला सांगितलं.

स्नो १८१३ साली यॉर्कमधल्या एका मजुराच्या घरी जन्मला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला सर्जनच्या हाताखाली लागला. १८३६ मध्ये मेडिकल शिकायला लंडनला गेला, तो चक्क चालत, आणि तेही वेल्सला वळसा घालून. पुढे १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्याइतकं त्याचं नाव झालं.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला. ६०० हून जास्त माणसं गेली. घाण हवेने कॉलरा होतो, असं मोठमोठे डॉक्टर मानायचे. स्नोचा संशय पाण्यावर. तो घरोघर फिरला. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळच्या ब्रुअरीतले कामगार मात्र वाचले होते, कारण त्यांना बिअर फुकट होती! (बॉईज हॉस्टेलने यातून भलता अर्थ काढू नये.) ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरायला लागली होती, हे स्नोने स्वतःच मान्य केलं.

मला आवडला तो त्याचा १८५५ चा नकाशा. त्यात प्रत्येक मृत्यूची खूण आहेच, पण एक तुटक रेघही आहे. जिथून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा जवळचा पंप चालत सारख्याच अंतरावर पडतात, त्या जागा त्याने जोडल्या. अंतर गल्लीबोळांतून मोजलेलं. बादली घेतलेला माणूस भिंतीतून थोडाच जातो? रेघेच्या आत खुणांची गर्दी, बाहेर तुरळक. आज जीआयएसमध्ये नेटवर्क ॲनालिसिस म्हणतात ते हेच, आणि याने ते हाताने केलं.

आम्ही वर्तुळ पुसलं. टेप घेऊन प्रत्येक रस्ता चालत मोजला. रूममेट कुबड्यांवर पुढे, आम्ही मागे. ती जिथे अडली तिथे लाल खूण. अकरा झाल्या.

स्नो १८५८ मध्ये गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. लॅन्सेटने दोन-तीन ओळींत बातमी दिली, त्यात क्लोरोफॉर्म होतं, कॉलऱ्याचं नावही नव्हतं. ती चूक त्यांनी २०१३ मध्ये सुधारली.