राज्य कंपनीकडे गेलं, पण तंजावरच्या या मराठी राजाने मोतीबिंदूचे केस पेपर सोडले नाहीत

पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात राहत असाल तर मोतीबिंदू शिबिराचा बॅनर तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. घरातली आजी मात्र तिथे जायला तयार नसते. अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू, हे तिचं ठरलेलं उत्तर.

हे पिकणं नेमकं काय असतं, याचं उत्तर शोधताना आपण एका राजापर्यंत पोहोचतो. तोही मराठी राजा.

तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, हे इकडच्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण मराठ्यांचं एक राज्य थेट तमिळ मुलखात, तंजावरला होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी ते उभं केलं. याच भोसले घराण्यातले सरफोजी राजे दुसरे, म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीचे नायक.

दत्तक घेतलं आणि संकट सुरू झालं

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. त्यांनी १७८७ मध्ये मरण्याआधी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतल्या या पोराला दत्तक घेतलं. पण गादीवर बसले तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह. दत्तकविधानच शास्त्राला धरून नाही, असं पंडितांकडून ठरवून घेतलं गेलं आणि पोरगं वाड्यात जवळपास कैदेत पडलं.

तेव्हा मदतीला आला श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी. तुळजाजींनी मुलाची काळजी त्याच्यावर सोपवली होती. त्याने कंपनी सरकारकडे खटपट केली आणि सरफोजींना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे त्यांचं शिक्षण झालं. इंग्रजी आलं, युरोपातली पुस्तकं हाताशी आली आणि विज्ञानाची गोडी लागली.

१७९८ मध्ये कंपनीने अमरसिंहांना बाजूला करून सरफोजींना गादीवर बसवलं. पण पुढच्याच वर्षी तह झाला आणि राज्याचा कारभार कंपनीने स्वतःकडे घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग, ठरलेली रक्कम आणि महसुलातला वाटा. वय होतं २२.

सत्ता नाही, मग करायचं काय?

अशा वेळी बरेच संस्थानिक नाच-गाणं आणि शिकारीत रमले. सरफोजी राजे पुस्तकांत रमले.

त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. युरोपातून हजारो पुस्तकं मागवली आणि त्यांतल्या अनेकांवर इंग्रजीत सही केली. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना सुरू केला. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांमध्ये प्रवाशांना जेवण मिळायचं आणि आजारी माणसाला औषधही.

आणि त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपियन अशा सगळ्या पद्धतींच्या वैद्यकाचा अभ्यास व्हायचा. जे औषध लागू पडतं ते लिहून ठेवायचं, असा कारभार.

राजाचे केस पेपर

राजांचा खास जीव होता डोळ्यांच्या आजारांवर. सरस्वती महालात त्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या ४० हून अधिक नोंदी सापडल्या आहेत. काही इंग्रजीत आहेत, तर काही कागद आपल्या मोडी लिपीत आहेत. सोबत आजारी डोळ्यांची चित्रंही आहेत. मॅकबीन नावाचा इंग्रज डॉक्टर या कामात दरबाराबरोबर होता.

फोटोचा शोध लागायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. डोळा कसा दिसतो हे चित्रात आणि काय उपचार केला हे शब्दांत. आज दवाखान्यात केस पेपर काढतात ना, अगदी तसंच. राजे शस्त्रक्रियेची पेटी सोबत बाळगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे काय होतं?

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वयाबरोबर त्यातल्या प्रथिनांचे पुंजके होतात आणि ते गढूळ होत जातं. यालाच मोतीबिंदू म्हणतात.

सरफोजींच्या काळात यावर दोन उपाय होते. एक सुश्रुतसंहितेपासून चालत आलेला : टोकदार हत्याराने गढूळ भिंग डोळ्यातच मागे ढकलायचं. दुसरा, फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये दाखवलेला : चीर देऊन भिंग बाहेर काढायचं. भूल नव्हती, कारण डोळ्यासाठी भूल आली १८८४ मध्ये. जंतूंचं ज्ञान नव्हतं. भिंग गेल्यावर दिसायला जाडजूड चष्मा लागायचा, नाहीतर सगळं धूसरच. रुग्ण जिवाच्या कराराने बसायचा आणि समोरच्याचा हात थरथरला तर डोळा गेला.

म्हणूनच लोक थांबायचे. अजिबात दिसेनासं झालं की मगच धोका पत्करायचा. शिवाय जुन्या पद्धतीत भिंग कडक झालेलं असलं तर काढायला सोपं जायचं. पिकू द्या, हा सल्ला त्या काळात बरोबर होता. आजीच्या तोंडी तोच उरला आहे.

मग बदललं काय?

१९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली, तीच आजची फेको. आता चीर साधारण २ ते ३ मिलिमीटरची असते. बऱ्याचदा नुसत्या थेंबांची भूल पुरते. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

आता पिकायची वाट बघायची गरज नाही. उलट फार पिकलेलं भिंग कडक होतं आणि ऑपरेशन अवघड करतं. रोजच्या कामात अडचण यायला लागली, रात्री गाड्यांचे दिवे डोळ्यांवर यायला लागले, चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला, की दाखवून घ्यावं. थेंब टाकून मोतीबिंदू जात नाही.

मधुमेह, तंबाखू-विडी, स्टेरॉइड आणि वर्षानुवर्षांचं कडक ऊन यांनी तो लवकर येऊ शकतो. सातपाटीच्या खाऱ्या उन्हात होडीवर किंवा भाताच्या शेतात आयुष्य काढणाऱ्यांनी टोपी आणि चष्मा वापरावा तो यासाठी.

एक गल्लत टाळा : मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा. मोतीबिंदूत गेलेली नजर बहुतेकदा परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक घरी कळत नाही. आणि ऑपरेशननंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा अचानक कमी दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

सरफोजी राजे १८३२ मध्ये गेले. मुलगा शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारला आणि उरलंसुरलं राज्यही कंपनीने खालसा केलं. त्यांच्या राज्याचं आज काही उरलं नाही. सरस्वती महाल आहे, आणि त्यात कुठल्याशा साध्या रयतेच्या डोळ्याचं, २०० वर्षांपूर्वी जपून काढलेलं चित्र आहे.

राजाकडे भूल नव्हती, कृत्रिम भिंग नव्हतं, तरी तो थांबला नाही. आपल्याकडे दोन्ही आहे. आजीला घेऊन जायचा दिवस तेवढा ठरवायचा बाकी आहे.