तुकडोजी महाराज आणि सगळ्यांनी मिळून केलेली प्रार्थना

मंडळाच्या कार्यक्रमांत आपण भजन नेहमीच ऐकतो. पण भजन ऐकणे वेगळे आणि शंभर जणांत बसून एका सुरात म्हणणे वेगळे. हा फरक ज्यांनी पुरता ओळखला, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची आठवण आज करू या.

त्यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावली गावी. घरची गरिबी आणि शाळेत न रमणारे मन. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. गुरू गेल्यावर हा पोरसवदा साधक रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानात एकट्याने ध्यान करीत फिरला. तिथेच राहिला असता तर आणखी एक रानातला साधू, एवढीच त्याची ओळख उरली असती. पण तो हातात खंजिरी घेऊन माणसांत परतला.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्याच वर्षी महाराज गांधीजींजवळ सेवाग्रामला राहिले. तिथेही प्रार्थना सगळे मिळूनच करीत. १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टीकडे उठाव झाला, महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. निव्वळ भजनाला इंग्रज सरकार कशाला घाबरले असते? खंजिरीभोवती जमणारी गावेच्या गावे त्याला खुपत होती.

पुढे गुरुदेव सेवा मंडळांच्या गावोगावच्या शाखांतून पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा परिपाठ रुजला. या बैठकीला पुरोहित लागत नाही, खर्चही नाही. जात, धर्म, श्रीमंती न पाहता सगळ्यांनी एकाच ओळीत बसायचे. आम्हाला यातले मर्म असे दिसते की, दुःखात माणूस आधी एकटा पडतो. रोज ठरल्या वेळी शेजारी कोणी येऊन बसले, आपल्या आवाजात त्याचा आवाज मिसळला, की निदान तेवढा वेळ तो एकटा राहत नाही. कर्ज, आजारपण, घरातली भांडणे यांवर प्रार्थना हा उतारा नव्हे, हे महाराजही जाणून होते. म्हणून तर त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण, व्यसनमुक्ती हे सारे प्रार्थनेच्या जोडीनेच येते.

महाराजांनी मराठीइतक्याच सहजतेने हिंदीतही भजने रचली. घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ती म्हणूनच परकी वाटत नाहीत. १९५५ साली ते जपानमधील विश्वधर्म परिषदेलाही जाऊन आले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत लाखो लोक जमतात. दिवसभर खंजिरी चालू असते आणि बरोबर त्या मिनिटाला सगळा समुदाय स्तब्ध होऊन मौन पाळतो.