टॉम लॅसेटर : कमी खर्चात पैदाशीचा कळप घडविणारा पशुपालक

पैदाशीसाठी वळू किंवा बोकड निवडताना आपण आधी काय पाहतो? बहुतेक वेळा रंग, शिंगे, उंची आणि प्रदर्शनातील बक्षीस. अमेरिकेतील टॉम लॅसेटर या पशुपालकाने या गोष्टी बाजूला ठेवल्या आणि फक्त कमाईशी संबंधित गुणांवर जनावरे निवडली. त्यातून बीफमास्टर ही मांसासाठी पाळली जाणारी नवी जात तयार झाली.

वडिलांचा कळप, मंदीचा काळ

टॉम यांचा जन्म १९११ चा. दक्षिण टेक्सासमधील फालफुरियास येथे वडील एड लॅसेटर यांचे मोठे पशुपालन होते. हा भाग उष्ण, कोरडा आणि गोचिडांचा. हेरफोर्ड आणि शॉर्टहॉर्न या ब्रिटिश गाई तिथे उन्हाने व गोचिडांनी हैराण होत. म्हणून एड यांनी १९०८ पासून भारतीय रक्ताचे वळू आणले.

इथे आपला थेट संबंध येतो. अमेरिकेतील ब्राह्मन ही जात ओंगोल (तिकडे नेल्लोर म्हणतात), गीर आणि कांक्रेज या आपल्या गोवंशापासून तयार झाली. कृष्णा खोऱ्यातील जनावरांचाही तिच्यात वाटा आहे. उन्हात चरण्याची ताकद आणि गोचिडांना तोंड देण्याची क्षमता हे गुण तिथल्या पशुपालकांनी आपल्या जनावरांकडून घेतले.

१९३० मध्ये वडील वारले. टॉम तेव्हा विशीच्याही आत होते. महामंदीचे दिवस होते, जनावरांचे भाव कोसळलेले होते. विकत खुराक घालून जनावर पोसणे परवडणारे नव्हते. कळपाने स्वतःच्या जिवावर, माळावरच्या गवतावर जगून वासरे दिली तरच घर टिकणार होते. टॉम यांची पुढची सगळी पद्धत या गरजेतून घडली.

सहा गुण, बाकी काही नाही

१९३१ पासून टॉम यांनी ब्राह्मन, हेरफोर्ड आणि शॉर्टहॉर्न यांचा संकर सुरू केला. या जातीत साधारण निम्मे रक्त ब्राह्मनचे आणि उरलेले दोन ब्रिटिश जातींचे मानले जाते. मात्र टॉम यांनी रक्ताच्या टक्केवारीला महत्त्व दिले नाही. प्रत्येक जनावर त्यांनी सहा कसोट्यांवर पारखले :

- स्वभाव : मारके, बुजरे जनावर कळपात ठेवायचे नाही.
- प्रजननक्षमता : गाईने दरवर्षी वासरू दिलेच पाहिजे.
- वजन : अंदाज नाही, प्रत्यक्ष काट्यावर.
- बांधा : मांस कुठे आणि किती भरते ते पाहायचे.
- काटकपणा : तिथल्या हवामानात, तिथल्या चाऱ्यावर तग धरणे.
- दूध : धारेने नव्हे, तर दूध तोडताना वासराचे वजन किती भरले यावरून.

रंग आणि शिंगे या यादीत कुठेच नाहीत. त्यामुळे बीफमास्टर जनावरे लाल, बदामी, ठिपकेदार अशी अनेक रंगांची दिसतात.

नियम कडक, अपवाद नाही

टॉम यांच्या पद्धतीचा कणा म्हणजे प्रजननाची शिस्त. वळू कळपात ठराविक मुदतीसाठीच सोडायचे. कालवडी एका वर्षाच्या झाल्या की भरवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षी त्या व्याल्या पाहिजेत. मुदतीत गाभण न राहिलेली गाय कळपातून कमी करायची, मग ती दिसायला कितीही देखणी असो. वितानाही माणसाच्या मदतीची अपेक्षा नसे. गाईने माळावर स्वतः विऊन वासरू सांभाळायचे आणि वाढवायचे.

हे ऐकायला सोपे आहे, पण करायला अवघड. चांगली वाटणारी गाय एकदा चुकली म्हणून विकायची, तर त्या वर्षीचा तोटा डोळ्यांसमोर दिसतो. टॉम तो तोटा सोसत राहिले. १९३७ मध्ये जातीला नाव मिळाले आणि त्यानंतर त्यांनी मूळ कळपात बाहेरचे रक्त आणले नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने बीफमास्टरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. १९६१ मध्ये या जातीच्या पशुपालकांची संघटना उभी राहिली.

निसर्गाशी भांडण नाही

१९४० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंब कोलोरॅडोतील मॅथेसन येथे आले. इथे कमी पावसाचे उंच माळ आणि कडक थंडी. उष्ण टेक्सासमध्ये घडलेल्या कळपाची ही नवी परीक्षाच होती. निवडीचे नियम मात्र तेच राहिले. टॉम यांनी रानात शिकार बंद केली, कोल्ह्यासारखे कायोटी प्राणीही मारू दिले नाहीत. कीटकनाशकांचा वापर थांबवला. शेजाऱ्यांना हे वेडेपणाचे वाटे. टॉम यांचा हिशेब वेगळा होता : वासरू राखू न शकणारी गाय आपल्या उपयोगाची नाही. २००१ मध्ये ते वारले. त्यांच्या पश्चात कुटुंबाने ही पद्धत पुढे चालू ठेवली.

आपल्यासाठी काय घेण्यासारखे?

टॉम यांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, त्यामुळे नको असलेली गाय सहज कमी करता येत नाही. गाईंच्या बाबतीत निवडीचा भर वळू आणि पैदाशीसाठी ठेवायच्या कालवडींवर द्या. शेळीपालनात मात्र हे तत्त्व पूर्णपणे लागू पडते.

१. प्रत्येक गाई-शेळीची विण्याची तारीख वहीत लिहा. दोन वेतांतील अंतर कळल्याशिवाय निवड होत नाही.
२. वळू किंवा बोकड घेताना त्याच्या आईची नोंद विचारा : ती वेळेवर विते का, पिले वाढवते का?
३. वजन काट्यावर करा, नजरेने नको.
४. खुराक घालून फुगवलेले नर टाळा. तुमच्यासारख्याच चाऱ्यावर वाढलेला नर निवडा.
५. देशी कालवडी उशिरा वयात येतात. पुरेशी वाढ होण्याआधी त्या भरवू नका.
६. लहान कळपात बापाचा संबंध त्याच्याच मुलींशी येऊ देऊ नका. नर वेळेवर बदला.

पैदाशीचा नर विकणारा पशुपालक पुढच्या कित्येक वर्षांची वासरे विकत असतो. म्हणून या विताच्या हंगामात एवढे तरी करा : वही उघडा आणि वेळेवर न विणाऱ्या मादीचा नर पैदाशीला ठेवणे थांबवा.