पेशींच्या बंडाळीचा माग

कर्करोग ही शरीरातील आपल्याच पेशींनी केलेली बंडाळी असते. ती का होते, या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी मुंबईत राहून आयुष्यभर केला, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

१९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या. कन्येने डॉक्टर व्हावे, अशी जीवशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या वडिलांची इच्छा होती. कन्येने मात्र रोग्यापेक्षा रोगाचे मूळ तपासण्याचा मार्ग धरला. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या स्वदेशी परतल्या व भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुराही त्यांनी वाहिली.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग हा होता. उंदरांच्या काही वाणांत हा रोग बहुतेक माद्यांना होतो, तर काहींत क्वचितच. हा फरक केवळ आहाराचा नव्हे. आनुवंशिकता, संप्रेरके आणि मादीच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू, या तिन्हींचा त्यात वाटा असतो, हे त्या काळच्या संशोधनातून स्पष्ट होत होते. पेशीच्या आत हे घटक नेमके काय करतात, हे मात्र तेव्हा उमगलेले नव्हते.

त्याचे उत्तर पुढे जनुकांच्या नियमनात सापडले. उंदरातील तो विषाणू विशिष्ट जनुकाशेजारी ठाण मांडून त्याला अवेळी जागे करतो, हे १९८२ मध्ये दिसून आले. (मानवी स्तनकर्करोगामागे असा विषाणू असल्याचे सिद्ध झालेले नाही, उलट अंगावर पाजल्याने मातेचा धोका घटतो.) इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतील ग्राहकाशी जोडले जाते आणि ही जोडी वाढीची जनुके चालू करते. ज्या गाठीत हा ग्राहक असतो, तिला तो रोखणारी औषधे सहसा लागू पडतात व रुग्णाचे भवितव्यही सामान्यतः बरे असते. उलटपक्षी, हर-२ या जनुकाच्या जादा प्रती असलेली गाठ अधिक आक्रमक असते, हे १९८७ मध्ये आढळले. १९९८ पासून तिच्यावरही नेमके औषध उपलब्ध झाले. तात्पर्य, एकाच नावाच्या रोगाची गती जनुकांच्या चालू-बंद असण्यावर अवलंबून असते.

रणदिवे यांची दृष्टी प्रयोगशाळेपुरती सीमित नव्हती. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. १९८२ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरविलेल्या या विदुषीचे २००१ मध्ये निधन झाले.

वार्षिक अंदाजपत्रकाच्या कसोटीवर उंदरांच्या वाणांचा अभ्यास हा निष्फळ खर्च ठरला असता. प्रत्यक्षात त्याचा लाभ हाती यायला काही दशके जावी लागली. मूलभूत संशोधनाला धीराने पैसा पुरविणे हे म्हणूनच शासनाचे कर्तव्य ठरते. तितकेच महत्त्वाचे कर्तव्य म्हणजे त्या ज्ञानावर उभी राहिलेली गाठीची तपासणी तालुक्याच्या गावातील गरीब स्त्रीपर्यंत वेळेवर पोहोचविणे. पहिले केले आणि दुसरे टाळले, तर संशोधनाचे फळ केवळ ऐपतदारांच्या पदरात पडेल.