चांद्याचे बॅरिस्टर



14 ऑक्टोबर 1956 ही तारीख आपल्या घरातली शाळकरी मुलेही सांगतात. 16 ऑक्टोबर विचारली तर मात्र मोठी माणसेही अडखळतात. त्या दिवशी चांदा येथे, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली. नागपूरबाहेर त्यांनी स्वतः दीक्षा दिलेले हे एकच गाव. हा मान चांद्याला मिळाला त्यामागे तिथल्या एका तरुण वकिलाचे कष्ट होते. बॅरिस्टर भाऊराव देवाजी खोब्रागडे, ज्यांना सारा विदर्भ राजाभाऊ म्हणत असे, ते तेव्हा अवघे 31 वर्षांचे होते.

25 सप्टेंबर 1925 रोजी चांद्यातच त्यांचा जन्म झाला. वडील देवाजीबापू त्या भागातले चळवळीचे जाणते कार्यकर्ते. घरची स्थिती बरी होती, म्हणूनच मुलाला विलायतेला पाठवणे शक्य झाले. आपल्या बहुतेक घरांत त्या काळी मुलगा चौथी पास झाला तरी गावभर सांगितले जाई. या घरातला मुलगा लंडनहून बॅरिस्टर होऊन आला. मुंबईला किंवा नागपूरला राहून वकिलीवर बंगला बांधणे त्यांना जड नव्हते. ते चांद्याला परतले आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामाला लागले.

1956 साली बाबासाहेबांची प्रकृती फार खालावलेली होती. आधाराशिवाय उभे राहणे कठीण झाले होते. अशा माणसाला नागपूरहून पुढे दीडशे किलोमीटर न्यायचे, खेड्यापाड्यांतून चालत आणि बैलगाड्यांनी येणाऱ्या लोकांची सोय पाहायची, हे काम सोपे नव्हते. त्या दिवशी चांद्यात बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे पुढे आयुष्यभर तो दिवस सांगत राहिली. दीड महिन्याने, 6 डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चांद्याचा समारंभ थोडा लांबणीवर पडला असता तर तो झालाच नसता.

3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज, सरचिटणीस राजाभाऊ. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1958 मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर निवडून गेले. वय 32.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिचा संबंध आजही आपल्या घराशी आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा समजले जात नसे. 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. म्हणजे ज्याने उघडपणे बौद्ध म्हणून नाव लावले त्याला राखीव मतदारसंघातून उभेही राहता येत नव्हते, मग नोकरीतली जागा आणि शिष्यवृत्ती तर लांबच. राज्यसभेत राखीव जागा नसतात. तेथे आमदारांच्या मतांवर जावे लागते. स्वतः बाबासाहेबही 1952 ची लोकसभेची निवडणूक हरल्यावर राज्यसभेतच गेले आणि अखेरपर्यंत तिचे सभासद होते. 1954 साली भंडाऱ्यालाही त्यांचा पराभव झाला होता. त्याच सभागृहात दीड वर्षाने चांद्याचा हा तरुण बॅरिस्टर बसला, बौद्ध म्हणून आणि कोणाच्या राखीव खुर्चीवर नव्हे.

मी शाळेत शिकवतो. दर जूनला प्रवेशाचे अर्ज भरताना नुकतीच दीक्षा घेतलेले एखादे आईबाप हळू आवाजात विचारतात, सर, धर्म बौद्ध लिहिला तर पोराची सवलत जाईल का हो? त्यांना हसू नये. ती भीती उगाच आलेली नाही. आमच्या आधीच्या पिढीने याच रकान्यासाठी नोकऱ्या गमावल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने 1960 साली आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राचे दार बंदच होते.

ते उघडण्यासाठी रिपब्लिकन पक्षाने 1964 साली दहा मागण्या केंद्र सरकारपुढे मांडल्या. भूमिहीनांना पडीक जमीन द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, आणि अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही द्या, अशा त्या मागण्या होत्या. 6 डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला आणि तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. राजाभाऊंची राज्यसभेची पहिली मुदत त्याच वर्षी संपलेली होती. 1966 मध्ये ते परत निवडून गेले.

डिसेंबर 1969 मध्ये ते राज्यसभेचे उपसभापती झाले आणि एप्रिल 1972 पर्यंत त्या पदावर राहिले. सभापती नसताना आसनावर उपसभापती बसतात. कोणी बोलावे, कोणी खाली बसावे, हे ते ठरवतात आणि मोठमोठ्या मंत्र्यांनाही ते ऐकावे लागते. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता त्या लोकांना या गोष्टीचे काय वाटले असेल, हे मी लिहायला नको.

आता एक कडू गोष्ट. चरित्र लिहायचे म्हणून ती टाळणे मला पटत नाही. रिपब्लिकन पक्ष स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच फुटला. एक गट दुरुस्त, दुसरा नादुरुस्त, अशी नावे लोकांनी ठेवली. पुढे दादासाहेबांच्या अखेरच्या काळात पुन्हा फूट पडली, तेव्हा रा. सु. गवई एका बाजूला आणि राजाभाऊ दुसऱ्या बाजूला होते. कोणाचे किती चुकले याचा हिशेब वस्तीवस्तीत वेगळा सांगतात. माझ्या मते दोघांनाही त्यातून काही मिळाले नाही, आणि समाजाचे नुकसान झाले. 1977 मध्ये खोब्रागडे गटाचे दोन खासदार लोकसभेत गेले. देशभर पसरलेल्या पक्षाचे बळ एका गटापुरते एवढे उरले होते. राजाभाऊ स्वतः 1978 मध्ये तिसऱ्यांदा राज्यसभेत गेले.

चंद्रपूरची दीक्षाभूमी मात्र त्यांनी कधी सोडली नाही. तिथे आज डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. त्याच्या उभारणीत पुढाकार राजाभाऊंचाच. दर वर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला तिथे लोकांचा महासागर लोटतो. शक्य असेल त्यांनी नागपूरहून परस्पर घरी न फिरता एक दिवस पुढे जाऊन यावे.

एप्रिल 1984 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, राजाभाऊंचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, 1990 साली, केंद्राने कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना सवलती लागू केल्या. त्याच वर्षी 12 एप्रिलला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. 1964 च्या यादीतल्या या दोन मागण्या. राजाभाऊ अठरा वर्षे संसदेत होते, त्यांना त्यातली एकही पुरी झालेली पाहता आली नाही.