विश्लेषण : पर्यावरणाचे काम कामगारांपासून का सुरू होते?

कंपन्या हल्ली कर्मचाऱ्यांना पर्यावरण रक्षणाची शपथ देतात, वृक्षारोपणाला नेतात. जमशेटजी टाटांनी सुरुवात कामाच्या जागेपासून केली होती.

१८३९ मध्ये नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. विदर्भाचा उन्हाळा, त्यात कापसाचे तंतू. कामगार वारंवार दांडी मारत. नुसता दंड करण्याऐवजी जमशेटजींनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवले. दमट हवेत सूतही कमी तुटते, म्हणजे फायदा दोघांचाही. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ पासून अपघात भरपाई सुरू झाली.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. घाटातील पावसाच्या पाण्यावर वीज करून त्या चालवायच्या, ही त्यांची कल्पना. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. खोपोलीची वीज मुंबईला मिळाली ती १९१५ मध्ये.

पुढे टाटा कंपनीने मुळशीत धरण हाती घेतले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. वीज धुराविना मिळणार होती, पण शेतकऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

नागपूर आणि मुळशी यांतला फरक आजच्या कंपन्यांनाही लागू आहे. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचा विचार आधी झाला, तर लोक सोबत येतात. नुसत्या शपथेने येत नाहीत.