अंधाऱ्या खोलीतला प्रकाश : इब्न अल-हैसम

इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. 965 च्या सुमारास इराकमधल्या बसरा शहरात झाला. गणितात त्यांचे मोठे नाव होते. नाईल नदीच्या पुराला आवर घालता येईल असे ते म्हणतात, ही गोष्ट इजिप्तचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानी गेली. खलिफांनी त्यांना कैरोला बोलावून माणसे आणि साधने दिली. अस्वानजवळ नदी डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र हे आपल्या हातून होणार नाही, हे त्यांना कळून चुकले. परतून त्यांनी तसे कबूल केले. अल-हाकिम यांची मर्जी कधी फिरेल याचा नेम नसे. म्हणून त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि 1021 मध्ये खलिफा नाहीसे होईपर्यंत ते घरात कोंडून राहिले, असे जुने चरित्रकार लिहितात. पुढे ते अल-अझहरजवळ राहत आणि युक्लिड, टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून पोट भरत.

त्यांच्या ‘किताब अल-मनाझिर’चे सात भाग आहेत. डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसते, असे तोवर अनेक विद्वान मानत. ते यांनी नाकारले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. एक दिवा झाकला की भिंतीवरचा त्याचाच ठिपका जाई, बाकीचे तसेच राहत. किती साधा प्रयोग! पाण्यात, काचेत शिरताना प्रकाश मंदावतो आणि म्हणून वळतो, हेही त्यांनी मांडले. सुमारे 1040 मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि 1572 मध्ये बासेलला छापला गेला.

पदार्थ प्रकाशाला वळवतो, इथवर ते आले होते. आज प्रयोगशाळांत सिलिकॉनच्या चकतीवर केसाच्या जाडीहूनही लहान कडी कोरतात. ठरावीक रंगाचा प्रकाश तिच्यात शिरला की अनेक फेऱ्या मारतो आणि साठत जातो. कोणता रंग साठावा, हे शेजारचा बारीकसा हीटर तापवून बदलता येते. पण प्रकाश फार वाढला की तो स्वतःच सिलिकॉनला तापवतो, त्याची वळवण्याची ताकद बदलतो आणि कडीचा रंग सरकतो. इथे पदार्थालाच प्रकाश बदलत असतो. मग दिवा तेवढाच ठेवला तरी बाहेर येणारा उजेड दोन प्रकारचा असू शकतो. क्षणापूर्वी दिवा मंद होता की प्रखर, त्यावर ते ठरते.